आबांच्या कानाचं मशीन आणि मास्टर जर्नल

माझ्या वडिलांना ऐकू कमी यायला लागलं तेव्हापासून आमच्या घरात कुणी बोलत नव्हतं, सगळे ओरडत होते. भाऊ ओरडायचा, भावजय ओरडायची, ताक मागायला आलेली शेजारीण दारातूनच ओरडायची. महिन्याकाठी मी माहेरी गेले की मीही ओरडायचे. बरं, मी कोण? इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारी बाई. बीड जिल्ह्यातल्या एका तंत्रनिकेतनात वीस वर्षं ट्रान्झिस्टर आणि ॲम्प्लिफायर फळ्यावर काढत आलेली. आवाज मोठा करणं वेगळं आणि आवाज कळणं वेगळं, एवढं तरी मला कळायला नको होतं का? आबा एकदा शांतपणे म्हणालेही होते, "कावून वरडतीस माय? आवाज येतो की मला. शब्द येत न्हाईत."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. म्हातारी माणसं काहीतरी म्हणतात, असं आपण धरूनच चालतो. आपण असं केलं की राग कधी येत नाही, तो दुसऱ्यांनी केलं की येतो.

आमचं गाव तेलगावच्या बाजूला आहे. आम्ही मेंढरं राखणारे. थोडं रान आहे, ते माझा धाकटा भाऊ कसतो, मेंढरं आबांची. कॅनॉलचं पाणी आलं, चहूकडं ऊस झाला, आणि चराईला बांध तेवढे उरले. बांधावर मेंढरं चारायची म्हणजे रानमालकाशी बोलणं-चालणं ठेवावं लागतं. कुठं चारायचं, कुठं नाही, हे आमच्याकडं कागदावर ठरत नाही. लांबून हाळी घालून ठरतं. एकानं या टोकावरून हाळी द्यायची, दुसऱ्यानं त्या टोकावरून हात करायचा. पिढ्यान्पिढ्या असंच चाललं.

त्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला आबा ओळखीच्या एका बागायतदाराच्या बांधावर मेंढरं घेऊन गेले. त्यानं सकाळीच बांधाला तणाचं औषध मारलं होतं. आबांना बघून तो दुसऱ्या टोकावरून जीव तोडून ओरडला. आबांना आवाज गेला. त्यांना वाटलं, रामराम घालतोय. त्यांनी हात वर केला आणि मेंढरं बांधावर चढवली. तीन मेंढ्या मेल्या, त्यांतल्या दोन गाभण होत्या.

भाऊ माझ्यावर, आबांवर, बागायतदारावर, सगळ्यांवर चिडला. "म्हाताऱ्याला आता झेपत न्हाई अक्का," तो मला फोनवर म्हणाला. "डोकं जाग्यावर न्हाई त्येंचं. माणूस बोंबलून सांगतोय आन् हे हात करतेत. पाडव्याच्या आत मेंढरं इकून टाकू." मागून आबांचा आवाज आला, "डोकं जाग्यावर हाय माजं!" म्हणजे भाऊ डोक्याबद्दल काहीतरी म्हणतोय, एवढं त्यांना त्याच्या हातवाऱ्यावरून कळलं होतं.

माझे आबा मेंढरांशिवाय काय करणार, हा प्रश्न भावाला पडला नव्हता. त्यांना तेवढंच येतं आणि ते त्यांना गावात सगळ्यात चांगलं येतं. अंधारात हात लावून ते मेंढी ओळखतात. मी भावाला म्हणाले, पाडव्यापर्यंत थांब, त्यांच्या कानाचं मी बघते. मोठ्या तोऱ्यात म्हणाले. घरात शिकलेली मीच होते ना!

तेवढ्यात तालुक्यात एका पुढाऱ्याचा वाढदिवस आला. त्यानिमित्त ज्येष्ठांना कानाची मशिनं वाटायचं शिबिर होतं. मी आबांना घेऊन गेले. मांडव एवढा मोठा की लग्न लाजावं. आणि मांडवाच्या दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच स्पीकर, त्यांच्यावर साहेबांची गाणी. छातीत धडधडत होतं. अशा जागी, मी शपथेवर सांगते, म्हाताऱ्या माणसांचे कान तपासले जात होते! एक पोरगा प्रत्येकाच्या मागं जाऊन चुटकी वाजवायचा आणि कागदावर बरोबरची खूण करायचा. त्या गोंगाटात मला माझी स्वतःची चुटकी ऐकू आली नसती. मग प्रत्येकाच्या गळ्यात तेच एक मशीन. ज्याला जन्मापासून ऐकू येत नाही त्यालाही तेच, ज्याच्या कानात नुसता मळ आहे त्यालाही तेच. मशीन घालून ओळीनं उभं करायचं, साहेबांनी खांद्यावर हात ठेवायचा, फोटो. माझ्या पुढच्या आजीच्या कानात बोंडू नीट बसलं नव्हतं म्हणून मशीन शिट्टी मारत होतं आणि आजी घाबरून ते काढायला बघत होत्या. कार्यकर्ता म्हणाला, "फोटू हुईस्तोवर राहू द्या मावशी."

मी तिथल्या टेबलावरच्या माणसाला विचारलं, कुणाला कुठल्या पट्टीतलं ऐकू येत नाही हे बघितलं का? तो माझ्याकडं बघून हसला. "मॅडम, फुकट हाय, घ्या की." फुकट म्हटलं की आपल्याकडं प्रश्न विचारणारा माणूसच वाईट ठरतो. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशातली गत. मी तणतणत मशीन घेतलं आणि आबांना एसटीत बसवलं.

आठ दिवसांनी गेले तर मशीन खुंटीला. आबा म्हणाले, "वारं लई मोठं झालं बग त्येच्यानं. वारं आन् ट्रॅक्टर. बोलणं व्हतं तितकंच ऱ्हायलं."

ते ऐकून मला पहिल्यांदा डोकं लावावंसं वाटलं. मी ओट्यावर बसून स्क्रू काढले. जुन्या पद्धतीचं, खिशात ठेवायचं, वायरचं मशीन होतं. आत हात घालायला जागा होती. एक माइक, तीन ट्रान्झिस्टर, चार-दोन कपॅसिटर. आबा शेजारी उकिडवे बसून बघत होते. मी त्यांना समजावून सांगायला लागले, अर्थात ओरडून, आणि हातानं खुणा करून. म्हटलं, आबा, कॅनॉलच्या गेटवर एक माणूस चाक फिरवतो, आणि केवढं पाणी सुटतं. ते पाणी त्या माणसाच्या अंगातलं नसतं, धरणातलं असतं. तो फक्त चाक फिरवतो. ट्रान्झिस्टरचं तसंच आहे. माइकमधून आलेला बारीकसा आवाज चाक फिरवतो आणि बॅटरीतली वीज त्याच्या तालावर कमी-जास्त सुटते. एकापुढं एक तीन गेट लावली की मुंगीच्या पावलाचा ढोल होतो. पण चाक कोण फिरवतंय ते गेटला कळत नाही. वाऱ्यानं फिरवलं तरी पाणी तेवढंच सुटणार.

आबांनी मान हलवली. मग मी सांगितलं की म्हातारपणात बारीक आवाज आधी जातात. त, क, स, श, च हे सगळे बारीक. अ, आ, ओ हे जाड, ते राहतात. वारा, ट्रॅक्टर तर जाडच. त्यामुळं तुम्हाला आवाज येतो, शब्दांच्या कडा येत नाहीत. मशीननं जाड आणि बारीक दोन्ही सारखंच वाढवलं, मग जाडाखाली बारीक चेंगरलं. आता आपल्याला मधे असं काहीतरी घालायचं की जाड आवाज अडेल आणि बारीक जाईल. त्याला फिल्टर म्हणतात.

आबा म्हणाले, "म्हंजी वाघुरीला खाली बोगदा ठिवतो तसं. कोकरं भाईर पळतेत, मेंढ्या आत ऱ्हातेत."

वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची आमची जाळी. दूध पाजून झालं की कोकरं वेगळी काढायला तिला खाली कोकरापुरती फट ठेवतात. वीस वर्षं मी हा धडा शिकवते. पहिल्या बाकावरच्या पोरांनाही हे एका वाक्यात सांगता येत नाही. मला एवढा आनंद झाला की मी म्हणाले, "बास आबा, हेच!" आणि ते हसले. तो दिवस चांगला गेला.

फट केवढी ठेवायची हा प्रश्न होता. माइक आणि पहिला ट्रान्झिस्टर यांच्यामध्ये जो कपॅसिटर असतो, त्याच्यावर ते ठरतं. मला साधारण सोळाशे हर्ट्झच्या खालचं अडवायचं होतं. कपॅसिटर कितीचा घालावा? गणित कागदावर मांडलं असतं तर दोन मिनिटांत सुटलं असतं. मी मांडलं नाही. मी मास्टर जर्नल उघडलं.

मास्टर जर्नल म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. आमच्या लॅबमध्ये एक जाड वही आहे. तिच्यात सगळे प्रयोग, आकृत्या, रीडिंग, आलेख, निष्कर्ष असं सगळं तयार आहे. ती कुणी लिहिली कुणाला ठाऊक नाही. मी नोकरीला लागले तेव्हा कपाटाच्या किल्लीबरोबर ती माझ्या हातात आली. दर वर्षी पोरं तिच्यावरून आपली जर्नलं उतरवतात. साठ पोरं, साठ जर्नलं, आणि साठ जणांना दशांश चिन्हापर्यंत एकच रीडिंग! जगातल्या कुठल्या प्रयोगशाळेत साठ माणसांना एकच आकडा येतो? आमच्याकडं येतो, आणि बाहेरून आलेले परीक्षक पोहे खाऊन त्याच्यावर सही करतात. लॅबमधली मशिनं कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत झाकून असतात, बिघडू नयेत म्हणून. आधी रीडिंग, मग आलेख, आणि प्रयोग जमला तर. या सगळ्याचा मला राग यायचा, मी स्टाफरूममध्ये तावातावानं बोलायचे, आणि खाली येऊन त्याच वहीवरून उतरवलेल्या जर्नलांवर लाल पेनानं टिक मारायचे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं मी पोरांबद्दल म्हणायचे. आड मी होते.

त्या वहीतला अकरावा प्रयोग, हाय पास फिल्टर. आकृतीत दहा किलोओहमचा रेझिस्टर आणि १०४ नंबरचा कपॅसिटर. मसुरीच्या डाळीएवढा असतो, त्याच्यावरच नंबर छापलेला असतो. रीडिंगवरून काढलेली सीमा, सोळाशे हर्ट्झ. शेजारी सूत्रानं काढलेला आकडाही लिहिलेला, तोही सोळाशेच्या जवळ. मला हवं होतं तेच. मशीनचा पहिला टप्पाही साधारण तेवढ्याच रेझिस्टन्सचा धरला, जुना कपॅसिटर काढला, १०४ टाकला आणि पाडव्याला पंधरा दिवस असताना गावी गेले.

अंगणात भाऊ होता, भावजय होती, आणि मेंढरं बघायला आलेला व्यापारीही होता. भावानं त्याला आधीच बोलावून ठेवलेलं. मला तर बरंच वाटलं, चला, सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे. मी आबांच्या कानात बोंडू बसवलं, त्यांच्या मागं दहा पावलं गेले आणि साध्या आवाजात म्हणाले, "आबा, कालवड कुठं बांधली?"

आबा काही बोलले नाहीत. मी पुन्हा विचारलं. ते मागं वळून म्हणाले, "वारंच येतंय माय."

"वारं कमी झालंय आबा. नीट ऐका," मी त्यांच्या पुढ्यात येऊन ओरडले.

"न्हाई झालं कमी."

"झालंय! लक्ष द्या ना जरा. तुम्ही लक्षच देत नाही."

"आगं पहिल्यावानीच हाय. पान हाललं तरी धाडधाड वाजतंय."

तेव्हा मी जे बोलले ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. मी म्हणाले, "आबा, मी मोजलंय. मशीन बरोबर आहे."

मी मोजलं नव्हतं. मी वाचलं होतं. पण वीस वर्षांत वाचणं आणि मोजणं यांतला फरकच माझ्या डोक्यातून गेला होता. चार माणसांसमोर मी माझ्या बापाला खोटं पाडलं, आणि तेही खोटं बोलून.

भावानं माझ्याकडं बघितलं, मी सांगत नव्हतो का, अशा नजरेनं. व्यापारी तंबाखू मळत दुसरीकडं बघत राहिला. आबांनी बोंडू काढलं, वायर मशीनला नीट गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "आसंल," ते म्हणाले. "तू शिकलेली हाईस. माज्याच डोक्यात काय झालं आसंल." आणि व्यापाऱ्याला म्हणाले, "या तुमी पाडव्याला."

भावाला महिनाभर ओरडून जे जमलं नव्हतं ते मी पाच मिनिटांत करून दाखवलं. त्या क्षणी मात्र मला राग आला होता तो आबांचाच. एवढी मेहनत घेतली आणि म्हातारा हट्टाला पेटलाय, असं मी एसटीत बसून घोकत आले.

पुढच्या आठवड्यात लॅबमध्ये एक मुलगी आली. शिरूर कासारकडची. आईबाप ऊसतोडीला जातात, धाकट्या भावंडांना सांभाळायला तिलाही जावं लागतं, त्यामुळं सगळा हंगाम तिची हजेरी कोरी. ती परतली तोवर मास्टर जर्नल विभागप्रमुखांच्या कपाटात कुलूपबंद झालं होतं. तपासणीचं पथक येणार अशी आवई होती. उतरवायला वही नाही, मैत्रिणींनी आपली जर्नलं बांधून जमा केलेली. मग त्या पोरीनं जे करायला नको होतं ते केलं. तिनं पिशवीतून मशीन बाहेर काढलं, लॅब असिस्टंटकडून रेझिस्टर आणि कपॅसिटर मागून घेतले आणि प्रयोग केला.

तिचं जर्नल माझ्यासमोर आलं. अकरावा प्रयोग, १०४ चा कपॅसिटर, सीमा एकशे साठ हर्ट्झ. मी लाल पेनानं काट मारली आणि लिहिलं, एक शून्य लिहायचं राहिलं.

"न्हाई मॅडम," ती म्हणाली. "तीन बाऱ्या मोजलं. एकशेसाठच येतंय."

"सगळ्यांचं सोळाशे येतं आणि तुझंच एकशेसाठ? सहा महिने कोयत्यामागं फिरल्यावर दुसरं काय येणार!"

असं मी बोलले. मेंढरांमागं फिरून शिकलेली मी. माझ्या आईच्या पायाला भेगा होत्या त्या मी पाहिलेल्या आहेत. हे वाक्य माझ्या तोंडून निघालं, याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही आणि करायचं कारणही दिसत नाही.

मुलगी रडली नाही. तिनं फक्त टेबलाकडं हात केला. "कोयत्याचं आन् ह्याचं काय मॅडम? मशीन चालूच हाय. तुमी बगा की."

मी उठले ते तिची जिरवायला. सिग्नल जनरेटरवरून तीन हजार हर्ट्झची लाट दिली, सीआरओच्या, म्हणजे लाट दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर ती पुरी उंच दिसली. ठीक. सोळाशेला आणली. तिथं ती पडायला पाहिजे, सोळा आण्यांवरून अकरा आण्यांवर तरी यायला पाहिजे. ती हलली नाही. मी वायर दाबून बघितल्या. हजार, पाचशे, तीनशे. लाट तशीच तालेवारासारखी उभी. एकशे साठच्या आसपास आली तेव्हा कुठं खाली बसायला लागली. मी १०४ काढून ड्रॉवरमधला १०३ लावला, जो दहापट लहान असतो. आता सोळाशेला बरोबर पडली. म्हणजे फार पूर्वी कुणीतरी १०३ लावून खरोखर मोजलं होतं. पुढं कपाटात १०४ उरले असतील, म्हणून कुणीतरी आकृतीत नंबर बदलला आणि रीडिंग तशीच ठेवली. आणि नव्या नंबरानं सूत्राचा आकडा दहापट लहान आला तेव्हा त्यालाही, तो जुळावा म्हणून, एक शून्य चिकटवून दिलं.

मी जर्नलच्या मागच्या पानावर सूत्र मांडलं. एकशे एकोणसाठ आलं. हे सूत्र मी दर वर्षी फळ्यावर सिद्ध करून दाखवते. सूत्र वर वर्गात राहिलं, आकडा खाली वहीत राहिला, आणि मी जिना चढून-उतरून वीस वर्षं दोघांमध्ये ये-जा केली. एकदाही दोघांची गाठ घातली नाही.

मग मला आबांच्या मशीनची आठवण झाली. फट दहापट मोठी ठेवली होती मी. कोकरंही गेली आणि मेंढ्याही गेल्या. वारा, ट्रॅक्टर, सगळं जसंच्या तसं आत शिरत होतं. पहिल्यावानीच हाय, असं म्हणाले होते आबा. त्यांच्या अधू कानानं जे अचूक मोजलं, ते मी पदवी घेऊन मोजलं नव्हतं.

मी त्या मुलीची काट खोडली, शेजारी बरोबर असं लिहून सही केली आणि तिची माफी मागितली. ती म्हणाली, "मार्क कापणार न्हाई ना मग?" माफीचं तिला काही वाटलं नाही. तिला तिच्या मार्कांची काळजी होती आणि ती रास्त होती. मी विभागप्रमुखांकडं गेले, वही मागितली, चूक दाखवली. ते चष्मा वर करून म्हणाले, "अहो, पण साठ जर्नलं बांधून झालीत. परीक्षा तोंडावर आलीय. त्या एकीलाच बदलायला सांगा की."

एका खऱ्यानं साठ खोट्यांना जुळवून घ्यायचं! मला इतका संताप आला की मी त्यांच्यासमोरच अकराव्या प्रयोगाच्या पानावर लाल पेनानं आडवी रेघ मारली, चुकीचं आहे असं लिहिलं आणि खाली माझी पूर्ण सही केली. ते म्हणाले, हे तुम्हाला महागात पडेल. म्हटलं, पडू द्या. मुलीचं जर्नल मी बदलू दिलं नाही. पुढं परीक्षेत परीक्षकानं तिला कमी मार्क दिले, पण पास केलं. साठ जण तिच्यापुढं गेले.

वहीवर रेघ मारली त्याच दुपारी मी आबांच्या मशीनमध्ये १०३ चा कपॅसिटर टाकला. या वेळी सीआरओवर लावून बघितलं, एकदा नाही, पाचदा. पाडव्याला दोन दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली एसटी धरली.

गावात उतरले तर आमच्या गल्लीत लेंड्यांचा वास होता, मेंढरं नव्हती. व्यापाऱ्याला गाडी लवकर मिळाली म्हणून आदल्या दिवशीच तो भरून घेऊन गेला होता. आबा ओट्यावर बसून वाघुरीची जाळी गुंडाळत होते. रिकाम्या हातांना काहीतरी लागतं. मी त्यांच्या कानात बोंडू बसवलं, त्यांनीही अडवलं नाही. मग मी मागं जाऊन दाराशी उभी राहिले आणि साध्या आवाजात विचारलं, "आबा, जेवलात का?"

"भाकरी खाल्ली," ते मागं न बघता म्हणाले. "दोडक्याची भाजी हुती."

मग त्यांचे हात थांबले. त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. "काय केलंस ह्येला?"

मी त्यांच्या पुढ्यात जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. ओरडावं लागलं नाही. मागच्या वेळचा कपॅसिटर चुकीचा होता. वारा कमी झालाच नव्हता. तुम्ही म्हणत होता तसंच होतं.

"म्हंजी तवा मी खरं सांगत हुतो."

"होय आबा."

"आन् तू म्हणालीस, मोजलंय."

"मोजलं नव्हतं. वहीत वाचलं होतं."

ते जाळीच्या गाठी चाचपू लागले. मला वाटलं, रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "म्हाताऱ्याचं डोकं गेलं म्हून मेंढरं इकली, आसं गावात झालंय माय. मेंढरं काय, म्हातारपणी जायचीच हुती कवातरी. पण डोकं गेलं म्हून न्हाई. तू त्या दिशी समद्यांम्होरं बोललीस. आता समद्यांम्होरं सांग."

भाऊ गोठ्यात होता. मी अंगणात उभी राहून त्याला हाक मारली, भावजयीला बोलावलं, शेजारीण होती तिला थांबवलं. व्यापारी नव्हता, तो कुठून आणणार. मी सांगायला सुरुवात केली. भावानं अर्ध्यात माझा हात धरला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "आता वरातीमागनं घोडं कशाला अक्का? मेंढरं गेली की. उगं लोकांत तमाशा."

"तमाशा न्हाई," ओट्यावरून आबा म्हणाले. भावानं दचकून तिकडं बघितलं. "पुरं बोलू दे तिला."

मग मी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, आणि मी मोजलं नव्हतं हेही सांगितलं.